सुट्टीत जगणारी झुडपं

अलकनंदा टिपणीस आमच्या शाळेत एकतीस वर्षं मराठी शिकवत होत्या आणि त्यातली पहिली सत्तावीस वर्षं झाडाझुडपांशी त्यांचा काडीचा संबंध नव्हता. हे आधीच सांगून टाकते, कारण शाळेत आता नव्याने येणाऱ्या शिक्षकांना वाटतं की बाई बागेतच जन्मल्या असाव्यात. त्या जन्मल्या सरोजिनीनगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये. वडील डाक खात्यात होते. घरामागे दोन खाटा मावतील एवढं अंगण होतं आणि त्यात कपडे वाळत घालायचे. लग्न झालं तेही दिल्लीतच, सुधाकररावांशी. ते एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर होते, पुढे अवर सचिव होऊन निवृत्त झाले. महाराष्ट्र बाईंना लग्नकार्यांपुरता ठाऊक. पण मराठी चोख, आणि शब्दांच्या बाबतीत हट्टी. वर्गात कोणी ‘पेन्सिल गुम झाली’ म्हटलं की त्या म्हणायच्या, “गुम नाही, हरवली. आणि हरवली असेल तर सापडेल. शोध.”

मी गणित शिकवते. स्टाफरूममध्ये आमची टेबलं शेजारी-शेजारी. त्यामुळे पुढे जे झालं ते मी फार जवळून पाहिलं आणि बऱ्याचदा त्यात ओढलीही गेले.

शाळा पहाडगंजातल्या एका गल्लीत आहे. तीन मजली इमारत, पुढे छोटंसं पटांगण, एका कोपऱ्यात कडुनिंब आणि भिंतीलगत तीस फूट लांब, पाच फूट रुंद अशी मातीची पट्टी. कागदोपत्री तिचं नाव ‘शालेय उद्यान’. भिंतीपलीकडे एक हॉटेल आहे. त्याच्या खोल्यांचे एसी आमच्या बाजूला तोंड करून बसवलेले, अकरा आहेत, मोजलेत मी. दिल्लीचा मे महिना आणि वर अकरा एसींची गरम हवा, अशा ठिकाणी ते उद्यान.

दरवर्षी ठरलेला क्रम असायचा. जुलैत मुलं रोपं लावत, हिवाळ्यात झेंडू-शेवंती फुलत, आणि अकरा मेला शाळेला सुट्टी लागे ती तीस जूनपर्यंत. सुट्टीत शाळेत फक्त चौकीदार नेगी. पाणी सकाळी तासभर यायचं, तेही करंगळीएवढ्या धारेने. मुख्याध्यापिकांनी एकदा त्यांना झाडांना पाणी घालायला सांगितलं तेव्हा ते नम्रपणे म्हणाले, “मैडम, नहाने को मिल जाए तो मैं पौधों को भी नहला दूँगा.” एक जुलैला शाळा उघडली की पट्टीत काटक्या उभ्या असायच्या. त्या उपटायच्या आणि नवी रोपं लावायची.

चार वर्षांपूर्वीच्या जुलैमध्ये विज्ञानाच्या सरांना ताप आला आणि वृक्षारोपणाचा तास अलकनंदाबाईंकडे आला. सहावीचा वर्ग होता. मुलं काटक्या उपटत होती. सृष्टी नावाची एक मुलगी हातात वाळकी काटकी धरून बाईंकडे आली आणि म्हणाली, “बाई, दर वर्षी सगळं सूख जातं. मग आपण ही झाडं मरायलाच लावतो का?”

तिच्या बोलण्यात आगाऊपणा अजिबात नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. बाईंनी सवयीने आधी शब्द दुरुस्त केला. “सूख जातं नाही. पान मान टाकतं तेव्हा कोमेजतं, त्याला पाणी मिळालं तर परत उभं राहतं. हे वाळलंय. हे आता नाही उठणार.” मग म्हणाल्या, “तुझ्या प्रश्नाचं उत्तर मला माहीत नाही. शोधते.”

त्या दिवशी त्यांनी एकही रोप लावू दिलं नाही. रोपांचा ट्रे कुंड्यांत रिकामा केला आणि पट्टी मोकळी ठेवली. मुख्याध्यापिकांना ते खटकलं, आणि एका अर्थी बरंही वाटलं. कारण व्यवस्थापन समितीत तेव्हा बोलणं चाललं होतं की त्या जागेवर फरशा बसवाव्यात. स्टाफच्या स्कूटर गल्लीत उभ्या राहतात, त्या आत येतील. मीही स्कूटरवाली. खोटं कशाला बोलू, मला ती कल्पना पसंत होती.

बाईंनी एक वर्ष मागून घेतलं.

त्या आणि सुधाकरराव गुरुग्रामला राहतात, एका सोसायटीत अकराव्या मजल्यावर. मुलगा निहार बंगळुरूला. बाई रोज मेट्रोने यायच्या, पिवळ्या लाइनने राजीव चौक, तिथून बदलून रामकृष्ण आश्रम. जायला-यायला तीन तास. त्या तीन तासांत त्यांनी फोनवर कमी पाण्यात जगणाऱ्या झाडांबद्दल वाचायला सुरुवात केली. निवडुंग मुलांच्या हातापायांना नको. बोगनवेलीला काटे. मग त्यांना सेज सापडलं. जगभरातल्या कोरड्या डोंगरउतारांवर वाढणारी फुलझुडपं. काहींच्या पानांवर बारीक लव असते, काहींच्या पानांत तेल, आणि त्या जोरावर ती महिनोन्‌महिने पाण्यावाचून काढतात. जांभळी, लाल, निळी फुलं. काटे नाहीत.

त्यांनी रात्री जेवताना सुधाकररावांना सांगितलं, “अहो, मी शाळेत सेज लावायचं म्हणते.”

“सेझ?” सुधाकरराव म्हणाले. “गुरुग्रामात काय कमी आहेत सेझ? तिकडे पहाडगंजात कोण परवानगी देईल?”

विशेष आर्थिक क्षेत्राची आणि झुडपाची ही गल्लत त्यांनी पुढे वर्षभर मुद्दाम चालू ठेवली. पण माणूस मनाने बरा. बायकोला मदत करायची तर आधी तिची थट्टा केली पाहिजे, असा त्यांचा नियम होता.

पहिली फजिती त्याच हिवाळ्यात झाली. सेजचं शास्त्रीय घराणं साल्विया, हे बाईंनी वाचलेलं. शाळेजवळच्या हातगाडीवाल्याकडे त्यांनी ‘साल्विया’ मागितला आणि त्याने हसत-हसत चाळीस रोपं दिली. नोव्हेंबर ते मार्च पट्टी नुसती लालभडक झाली होती. मुख्याध्यापिकांनी फोटो काढून शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकले. मलाही वाटलं, जमलं की बाईंना. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात ती चाळीसच्या चाळीस रोपं बसली. ऊन अजून तापायचंच होतं. तो हंगामी साल्विया होता. त्याचं आयुष्यच एका हिवाळ्याचं. गाडीवाल्याने काही फसवलं नव्हतं. बाईंनी नाव विचारलं होतं, ते झाड किती वर्षं जगतं हे विचारलंच नव्हतं.

तिसऱ्या दिवशी बाई मला म्हणाल्या, “वीणा, येत्या रविवारी सुलतानपूरला येतेस का? मेट्रोच्या खालच्या रस्त्याला नर्सऱ्या आहेत. या वेळी विकत काही घ्यायचं नाही. नुसतं विचारायचं.”

मी गेले. सुधाकररावही आले, टोपी घालून. चार नर्सऱ्यांत आम्हाला तोच लाल साल्विया पुढच्या हंगामात देण्याचं आश्वासन मिळालं. पाचवी नर्सरी धरमपाल नावाच्या माणसाची होती. साठीचा, हरियाणवी, खाटेवर बसून कांदा कापत होता. बाईंनी सगळी हकिगत सांगितली. तो कांदा कापतच ऐकत होता. मग सुरी खाली ठेवून त्याने तीन प्रश्न विचारले.

“धूप कितनी आवे है?”

“सकाळी दहा ते संध्याकाळी पाच,” बाई म्हणाल्या, मग हिंदीत सांगितलं.

“पानी कौन देगा?”

“मे-जूनमें कोई नहीं. एक बूँद भी नहीं.”

“और बरसात में पानी खड़ा रहवे है के?”

बाई म्हणाल्या, “थोड़ा-बहुत. एक-दो दिन.”

धरमपालने मान हलवली. “तो बैड ऊंचा करवा लेना, मैडम.”

बैड म्हणजे वाफा. बाईंनी वहीत ते त्याच्याच शब्दांत लिहून घेतलं. मी स्वतः पाहिलं लिहिताना.

मग तो उठला आणि आम्हाला मागच्या बाजूला घेऊन गेला. तिथे तीन तऱ्हा होत्या. एक चंदेरी पानांचं झुडूप, राखेत लोळून आल्यासारखं. त्याला तो सिल्वर सेज म्हणाला. “असली सेज ना है ये, दूसरे खानदान का है, पर नाम यही चले है. लू में खड़ा रहवे है, फौजी के माफिक.” दुसरं बारीक पानांचं, लाल फुलांचं. त्याचं पान त्याने चुरगाळून बाईंच्या तळहातावर ठेवलं. ओवा आणि कापूर यांच्या मधला वास. सुधाकररावांनी हुंगलं आणि म्हणाले, “घसा बसल्यावर चघळायच्या गोळ्या.” तिसरं उंच, मखमली जांभळ्या तुऱ्यांचं. धरमपालच्या मते ते देखणं खरं, पण जरा नाजूक. दुपारची सावली मिळाली तर टिकेल.

“आजच घेऊन जाऊ या का?” म्हणत सुधाकररावांनी पाकीट काढलं तर धरमपालनेच हात आडवा केला. एप्रिलात लावलेलं झाड मेमध्ये मरणार, कितीही चिवट असलं तरी. आधी मुळं खोल जाऊ द्यावी लागतात, त्याला एक हिवाळा हवा. ऑक्टोबरात या.

आपल्या मालाला नको म्हणणारा दुकानदार मी पहिल्यांदा पाहिला. बाईंनी समितीकडून आणखी एक वर्ष मागितलं. ते कसं मिळालं ते सुधाकररावांना विचारावं. टिपणीस या आडनावाला जागून त्यांनी अर्ज अशा सरकारी भाषेत लिहून दिला होता की समितीला नकार कुठे द्यायचा तेच सापडेना.

ऑक्टोबरात बारा झुडपं लागली. चार चंदेरी, पाच लाल, तीन जांभळी. हिवाळाभर आठवीच्या मुलांनी पाळीपाळीने पाणी घातलं. आधी दोन दिवसांआड, मग चार, मग आठवड्याने, पण घालायचं तेव्हा भरपूर, म्हणजे मुळं पाण्यामागे खाली जातील. दहा मेला शेवटचं पाणी. वर कडुनिंबाच्या वाळक्या पाल्याचा थर. नेगींना बाईंनी हात जोडून सांगितलं, “भैया, कुछ मत करना.” नेगींना हे काम आवडलं.

तो उन्हाळा दिल्लीतल्या कोणालाच विसरता येणार नाही. पारा कुठे सत्तेचाळीस, कुठे एकोणपन्नास. बाईंनी ठरवलं होतं की सुट्टीत शाळेकडे फिरकायचं नाही. पण जूनच्या मध्यावर पुण्याहून कोणी नातेवाईक कस्तुरबा गांधी मार्गावरच्या अतिथिगृहात उतरले होते, त्यांना भेटायला म्हणून त्या निघाल्या आणि परतताना शाळेत गेल्या. पिशवीत दोन लिटरची पाण्याची बाटली होती. हे त्यांनी मला पुष्कळ दिवसांनी सांगितलं.

नेगींनी फाटक उघडलं. दुपारचे तीन. भिंतीपलीकडचे अकराही एसी चालू. दोन जांभळी झुडपं पार करपली होती. लाल झुडपांनी निम्मी पानं गाळून टाकली होती, उरलेली गुंडाळली होती. चंदेरी तेवढी जशीच्या तशी होती. बाईंनी बाटलीचं झाकण उघडलं. एका लाल झुडपासमोर त्या किती वेळ उभ्या होत्या त्यांना माहीत नाही. नेगी मागून म्हणाले, “डाल दीजिए मैडम, कोई देख थोड़े रहा है.”

“मी मनात म्हटलं,” बाई मला सांगत होत्या, “आज मी घातलं तर जुलैत मला कळणारच नाही की ते स्वतःच्या जोरावर जगलं की माझ्या दोन लिटरवर. आणि मी रिटायर झाल्यावर कोण येणारे गुरुग्रामहून बाटली घेऊन?”

त्यांनी झाकण लावलं आणि भरलेली बाटली तशीच परत नेली. घरी सुधाकररावांनी ती पाहिली. त्या दिवशी मात्र त्यांनी थट्टा केली नाही. सरबत करून दिलं.

एक जुलैला शाळा उघडली तेव्हा बारापैकी दहा झुडपं जिवंत होती. दोन दिवस हवा दमट होती, आणि त्या दमटपणानेच की काय, चारही चंदेरी झुडपं फिक्या जांभळ्या फुलांनी भरून गेली होती. पानापेक्षा फूल जास्त. मुलं प्रार्थनेच्या रांगा सोडून तिकडे धावली. मुख्याध्यापिका ओरडल्या नाहीत, त्याही मागोमाग गेल्या. मी स्कूटर गल्लीत लावून आत आले तर सगळी शाळा भिंतीपाशी. बाई कडेला उभ्या होत्या आणि चष्मा पुसत होत्या.

मग मुलांनी जे केलं ते कोणीही केलं असतं. मधल्या सुट्टीत ती आपापल्या बाटल्यांतलं पाणी झुडपांना घालू लागली. बिचारी पन्नास दिवस तहानलेली. रोज शंभर-दीडशे बाटल्या. त्यात त्या वर्षी पाऊसही धो-धो. बाई उभ्या राहून बघायच्या, हसायच्या. मी म्हटलंही, “बाई, जास्त नाही ना होत?” तर म्हणाल्या, “घालू दे गं. केवढं प्रेम आहे बघ.”

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात पानं पिवळी पडली. मुलांना वाटलं, पाणी कमी पडतंय. त्यांनी आणखी घातलं. रक्षाबंधनाच्या सुट्टीनंतर आलो तर बुंधे मातीपाशी काळे, मऊ झाले होते. दहातली आठ गेली. फाटकाकडच्या टोकाला माती थोडी उंच होती, तिथलं एक चंदेरी आणि एक लाल तेवढं वाचलं.

अलकनंदाबाईंनी दुसऱ्या दिवशी आठवीच्या वर्गाला पट्टीपाशी नेलं. मी तास नसल्याने मागे उभी होते. त्यांनी एक झुडूप उपटून मुळं दाखवली. हाताला लागताच ती सालीसकट सुटून आली.

“मग हे आम्ही मारलं,” सृष्टी हळू आवाजात म्हणाली. ती आता आठवीत होती. “पाणी आम्हीच घातलं ना?”

“पाणी तुम्ही घातलं. मी इथे उभी राहून पाहत होते,” बाई म्हणाल्या. त्यांनी पर्समधून वही काढली आणि सुलतानपूरचं पान उघडून तिच्या हातात दिलं. “वाच मोठ्याने.”

सृष्टीने वाचलं, “बैड ऊंचा करवा लेना.”

“मला सांगितलेलं होतं. मी लिहूनही घेतलं होतं. उन्हाळ्याची एवढी धास्ती होती की पावसाळ्याचा विचारच केला नाही. ही चूक माझी आहे, तुमची नाही. तुम्हाला मी ‘निचरा’ हा शब्दसुद्धा शिकवला नव्हता.”

एवढ्या वर्षांच्या नोकरीनंतर किती शिक्षकांनी वर्गासमोर असं म्हटलं असेल? मी तरी तोवर कधी म्हटलं नव्हतं. फळ्यावर उत्तर चुकलं की मी ‘बघू या कोणाच्या लक्षात येतं’ म्हणून वेळ मारून नेते.

समितीची बैठक सप्टेंबरात झाली. फरशांचा विषय पुन्हा आला, आणि यावेळी बाईंच्या बाजूने बोलण्यासारखं काही नव्हतं. शिक्षक प्रतिनिधी म्हणून मी तिथे होते. समितीतले एक सभासद समजुतीने म्हणाले, “बाई, तुम्ही खूप प्रयत्न केले. आता पुरे. नाही जगत तिथे काही.”

“जगलं की,” बाई म्हणाल्या. “एकोणपन्नास डिग्रीत पाण्याच्या थेंबाशिवाय दहा झाडं जगली. ती पाण्याशिवाय मेली नाहीत, पाण्याने मेली. म्हणजे निम्मं काम झालंय. उरलेलं निम्मं सोपं आहे.”

“सोपं कसं?”

“मागच्या स्वच्छतागृहांची तोडफोड चालली आहे. तो विटांचा मलबा बाहेर टाकायला तुम्ही ट्रॉली बोलावणार आहात. बोलावू नका. मला द्या.”

मुख्याध्यापिका हसल्या. म्हणाल्या, “मलबा मागणारी शिक्षिका मी पहिल्यांदाच पाहते. द्या त्यांना.” आणि मी, जिला स्कूटर आत हवी होती, तिने हात वर केला. का ते सांगता येणार नाही. कदाचित ती वही आठवली म्हणून.

ऑक्टोबरचे तीन शनिवार त्यात गेले. खाली विटांचे तुकडे, वर बदरपूर, म्हणजे इकडे बांधकामात वापरतात ती जाडी वाळू, त्यात मिसळलेली माती. दोन फूट उंच, कडेला विटा, तळाशी पाणी निघून जायला भोकं. आठवी-नववीच्या मुलांनी घमेली वाहिली. सुधाकरराव गुरुग्रामहून प्लास्टिकची नळी घेऊन आले, तिच्यात पाणी भरून त्यांनी दोन टोकांचा उतार मोजून दिला. सबंध नोकरीत फायलीच हलवल्या, माती पहिल्यांदाच हलवतोय, असं ते म्हणत होते आणि खूश होते.

एसींपैकी दोन थेट कडुनिंबाजवळच्या टोकावर ठिबकत असत. पहिल्या खेपेला बाईंना ते ठिबकणं अडचण वाटलं होतं. या वेळी त्यांनी जांभळी मखमली झुडपं मुद्दाम तिथेच लावली. त्यांना जरा पाणी चालतं, आणि दुपारी कडुनिंबाची सावलीही. चंदेरी मधोमध उन्हात. लाल उताराच्या वरच्या अंगाला. धरमपाल स्वतः टेम्पोबरोबर आला होता. वाफा बघून म्हणाला, “अब ठीक सै.” वाचलेली दोन धरून एकूण तेरा झाली.

नियम एकच. पाणी घालण्याआधी मातीत बोट घालायचं, दुसऱ्या पेरापर्यंत. पेर म्हणजे काय हे दिल्लीत वाढलेल्या निम्म्या मुलांना ठाऊक नव्हतं. बाईंनी बोटाचे सांधे मोजून दाखवले, उसाचं पेर सांगितलं. आत ओल लागली तर बाटली बंद. मुलांना पाणी घालायला शिकवणं सोपं असतं, न घालायला शिकवणं फार अवघड. पहिल्या महिन्यात दोघी-तिघी चोरून घालताना सापडल्या. पण मग त्याच इतरांवर पहारा ठेवू लागल्या.

गेल्या उन्हाळ्यात बाई एकदाही शाळेत आल्या नाहीत. सुट्टीत त्या सुधाकररावांबरोबर निहारकडे बंगळुरूला राहिल्या. एक जुलैला सकाळी सातला मी फाटकात शिरले तेव्हा त्या माझ्याआधी पोचल्या होत्या आणि वाफ्याच्या कडेवर बसून मोजत होत्या.

“बारा,” मला बघून म्हणाल्या. “तेराव्याची मुळं मांजरांनी उकरली.”

मग पाऊस आला, चांगला दणदणीत. गल्लीत गुडघाभर पाणी होतं त्या दिवशीही वाफ्याच्या भोकांतून तासाभरात सगळं निथळून गेलं. एक लाल झुडूप कलंडलं, त्याला नववीच्या मुलींनी काठीचा आधार दिला. ऑगस्ट संपला. बारा होती, बाराच राहिली. दिवाळीच्या सुमाराला जांभळी फुलली तेव्हा हॉटेलातले परदेशी पाहुणे खिडक्या उघडून फोटो घ्यायला लागले. फरशांचा विषय बैठकीत पुन्हा कोणी काढला नाही, आणि माझी स्कूटर अजून गल्लीतच असते.

डिसेंबरअखेर अलकनंदाबाई निवृत्त झाल्या. निरोपसमारंभात त्या फार बोलल्या नाहीत. घरी जाताना मला बाजूला घेऊन म्हणाल्या, “फुलं संपली की जांभळी छाटायची आहेत. तू करशील.” विचारलं नाही, सांगितलं. मी म्हटलं, विज्ञानाचे सर आहेत की. तर म्हणाल्या, “त्यांना सगळं येतं. ते मला फोन नाही करणार. तू करशील.”

फेब्रुवारीच्या एका शनिवारी मी कात्री घेऊन वाफ्यापाशी उभी राहिले. नेगींनी फोन धरला होता आणि फोनमध्ये बाई. मागे त्यांच्या सोसायटीची गच्ची दिसत होती. तिथेही आठ कुंड्या मांडलेल्या, आणि सुधाकरराव एका कुंडीत बोट घालून बसलेले.

“कुठून कापू?” मी विचारलं.

“खालून. वीतभर ठेव, बाकी सगळं काढ.”

“बाई, एवढं? छान हिरवं आहे हो वरती.”

“काप. नाहीतर नुसतंच उंच होईल आणि वाऱ्याने पडेल.”

मी कापलं. पहिल्या झुडपाला दहा मिनिटं लागली, तिसऱ्याला दोन. कापलेल्या फांद्यांचा ढीग पडला तेव्हा सहावीची मुलं भोवती जमली होती. बाई फोनमधूनच म्हणाल्या, शेंडे टाकू नका, वाळूत खोचून ठेवा, मुळं फुटतील. मुलांनी घरून दह्याच्या रिकाम्या डब्या आणल्या. मी चोवीस कलमं केली आणि प्रत्येक डबीवर एकेका मुलाचं नाव लिहिलं. त्यांना आधीच सांगून ठेवलं की सगळी लागणार नाहीत. माझा हात नवीन आहे, निम्मी लागली तरी पुष्कळ.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात छाटलेल्या बुंध्यांना तळाशी राखाडी-हिरवे कोंब आले. कलमांपैकी चौदा लागली. ज्यांची नाही लागली त्या दहा मुलांनी दुसरी मागितली, म्हणून मी पुन्हा कात्री घेऊन गेले. या वेळी फोन न करता.